गवत मारायचं औषध

आमच्या किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत 'साफसफाई' या शब्दाचा अर्थ बदलून गेला आहे. पूर्वी साफ म्हणजे झाडलेलं, सारवलेलं. आता साफ म्हणजे जिथे काहीच उगवत नाही असं. खळ्यात पेव्हर ब्लॉक, मशिदीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, फाटकापासून ओट्यापर्यंत फरशी आणि फरशी पोचत नाही तिथे पाठीवरच्या पंपातून फवारलेलं 'औषध'. याबद्दल कुणी तक्रार केली की पाकीला आपल्या दीनमध्ये केवढी मोठी जागा आहे, हे त्यालाच ऐकवलं जातं. मला ते अनेकदा ऐकवलं गेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कबरस्तानापासून करू, कारण गावातलं सगळ्यात मोठं सामाईक आवार तेच असतं. घरांच्या वाड्या वाटण्यांत तुकडे तुकडे झाल्या, सड्यावरची जमीन विकली गेली, पण कबरस्तान वक्फचं असल्यामुळे शाबूत राहिलं. आमच्या गावातल्या कबरस्तानात उंडीची जुनी झाडं आहेत, करंज आहे, चाफा आहे आणि पावसात कमरेएवढं गवत. ते गवत पूर्वी कोयतीने कापलं जायचं, भारे बांधून गुरंवाले घेऊन जायचे. आता गुरं राहिली नाहीत. गेल्या पावसाळ्यात जमातीच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा एका बुजुर्गांनी तो दोन मिनिटांत मिटवला.

"मारून टाकू. औषध आणलंय."

मी विचारलं, "चाचा, कसलं औषध?"

"कसलं म्हणजे? गवत मारायचं. दोन वेळा मारलं की वर्षभर बघायला नको."

औषध! जे मारतं त्याला औषध म्हणायची ही सवय शेतीच्या दुकानांतून आली आणि आता मशिदीच्या हिशेबाच्या वहीत जाऊन बसली. त्या बाटलीवर ग्लायफोसेट असं लिहिलेलं होतं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या रसायनाला 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या' गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मत याहून वेगळं आहे, हेही सांगायला हवं, म्हणजे मी एकच बाजू सांगतो असं कुणी म्हणणार नाही. पण आपल्या केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना काढली, की हे रसायन फक्त कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच वापरावं. शेतकऱ्यानेसुद्धा स्वतः फवारू नये. आमच्याकडे ते पंप घेऊन उघड्या पायांनी, तोंडाला रुमालसुद्धा न बांधता एक तरुण पोरगा फवारत होता. त्याला रोज किती मिळाला ते वहीत आहे. हातमोजे दिल्याची नोंद नाही.

बरं, कर्करोगाचा वाद बाजूला ठेवा. पानाला चिकटावं म्हणून या फवाऱ्यात साबणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. त्यांतले काही बेडकांच्या पिल्लांना मारक आहेत, ही गोष्ट बऱ्यापैकी सिद्ध झालेली आहे. फवारणी होते ऐन पावसात, कारण गवत हिरवं असेल तरच हे रसायन चालतं. आणि नेमका तेव्हाच कबरस्तानाच्या कडेच्या डबक्यांत बेडकांचा जन्म होत असतो. मग तीच जमात ऑक्टोबरमध्ये डासांसाठी धूर मारायला ग्रामपंचायतीकडे अर्ज करते.

आता दीनची गोष्ट. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम दोन कबरींजवळून जात होते, तेव्हा त्यांनी खजुराची एक ओली फांदी मागवली, तिचे दोन भाग केले आणि प्रत्येक कबरीवर एकेक रोवला. फांदी ओली आहे तोवर आतल्यांचा अजाब हलका होईल अशी उमेद त्यांनी सांगितली. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे आणि आमच्याकडच्या मदरशातल्या पोरालाही माहीत आहे. हिच्या आधाराने हनफी फिक्हच्या ग्रंथांत कबरीवरचं हिरवं गवत उपटणं मकरूह ठरवलं गेलं. वाळलेलं काढायला हरकत नाही. आम्ही कोकणी बहुतेक शाफई. शाफई आलिमांतही कबरीवर ओली फांदी ठेवणं सुन्नत मानणारे पुष्कळ आहेत. कारण हेच, की जे हिरवं आहे ते अल्लाहची तसबीह करतं आणि त्याचा फायदा मयताला मिळतो. म्हणजे ज्या गवताला आपल्या आलिमांनी मयताचा सोबती मानलं, ते आपण विष घालून मारतो, आणि त्याचा खर्च कबरस्तान फंडातून करतो. पाकीबद्दल मला ऐकवणाऱ्या एकाही माणसाने याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

फवारलेलं गवत वाळून पिवळं पडतं आणि शाबानचा चांद दिसला की ते पेटवलं जातं. शब-ए-बारातला मुंबईहून माणसं येणार, त्यांना कबरी स्वच्छ दिसायला हव्यात. जनाजासोबत आग नेऊ नये असं आपलं फिक्ह सांगतं. इथे तर कबरींच्या उशापायथ्याशी वणवा लावला जातो. दोन वर्षांपूर्वी त्यात उंडीचं एक झाड बुंध्याला जळलं. ते माझ्या दादीच्या लहानपणीही मोठंच होतं.

हा झाला कबरस्तानाचा भाग. पण पाण्याचा प्रश्न जास्त मोठा आहे आणि तो प्रत्येकाच्या घरासमोरच्या खळ्यात आहे.

किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी कसं टिकतं हे आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, शब्द वेगळे असतील. जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी आतवर आलेलं असतं. पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून त्याच्यावर तरंगतं. एक डच आणि एक जर्मन अभियंता, दोघांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीच्या खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. याची उलटी बाजू भयंकर आहे: वरची पातळी एक फूट उतरली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. जमिनीच्या जातीप्रमाणे आकडा इकडे तिकडे होतो, पण दिशा तीच. म्हणून आमच्याकडे विहीर आटायच्या आधी मचूळ होते. पहिल्यांदा चहा फाटतो, मग डाळ शिजायला वेळ लागतो, मग बायका म्हणतात, पाणी बिघडलं. पुरुष म्हणतात, मोटर बदलू.

आता एक गुंठ्याचं खळं घ्या. आमच्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका गुंठ्यावर तो पडला की तीन लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर तीस टँकर. मातीचं, वाळूचं, जांभ्याचं खळं यातला मोठा हिस्सा पिऊन घेतं आणि हळूहळू विहिरीला देतं. पेव्हर ब्लॉक बसवणारा सांगतो की फटींमधून पाणी झिरपतं. झिरपलं असतं, खाली नुसती वाळू असती तर. आमच्याकडे खाली खडी दाबतात, बऱ्याच ठिकाणी काँक्रीट ओततात, वर उतार काढतात तो सरळ गटाराकडे. गटार जातं खाडीला. जूनमध्ये तीस टँकर खाडीत सोडायचे आणि मे महिन्यात एकेक टँकर विकत घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. व्यापारात मुरलेल्या आमच्या कोकणी जमातीने तो मुकाट्याने मान्य करावा याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

यात आखाताचा पैसा आहे हे लपवण्यात अर्थ नाही. त्या पैशाने मुली शिकल्या, कर्जं फिटली, कौलं बदलली. त्याला नावं ठेवणारा मी नव्हे. पण दुबई-कतारहून माणूस घर बांधायला पैसे पाठवतो तेव्हा डोळ्यांपुढे तिथला बंगला असतो. तिथल्यासारखी हिरवळ, तिथल्यासारखी फरशी, कंपाउंडवर दिवे. दुबईतली हिरवळ कशावर जगते? शहराचं सांडपाणी शुद्ध करून त्यावर. प्यायचं पाणी समुद्रातून, मोठी वीज जाळून काढलेलं. त्यांच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस असता तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे! आमच्याकडे लॉनसाठी बोअर मारली जाते, आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मारलेली खोल बोअर म्हणजे खाऱ्या पाण्याला वर येण्याचं निमंत्रण. ज्याच्या लॉनसाठी ती मारली तो वर्षातून तीन आठवडे गावी असतो. बाकी एकोणपन्नास आठवडे शेजारीण मचूळ पाणी पिते.

मयताच्या इसाले सवाबसाठी मशिदीत वॉटर कूलर देण्याची पद्धतही याच काळात वाढली. आमच्या मशिदीत तीन आहेत, तिन्हींवर नावं कोरलेली. चांगली गोष्ट आहे. हजरत साद बिन उबादा यांनी आईच्या सवाबसाठी विहीर खोदून दिली होती. हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सगळ्यांना खुली केली. सदका-ए-जारिया म्हणतात तो हाच. पण त्यांनी विहीर दिली, आणि आपण विहीर बुडवून कूलर देतो. कूलरमध्ये पाणी टँकरचं.

मशिदीच्या आवारातच दुसरं पाणी वाया जातं, ते वजूचं. रसूलुल्लाह एका मुद्द पाण्यात वजू करत, म्हणजे पाऊण ते एक लिटर. वाहत्या नदीवर बसलात तरी वजूत पाणी जास्त वापरू नका, अशी ताकीद इब्न माजाच्या हदीसमध्ये आहे. तिच्या सनदेवर मुहद्दिसांनी बोट ठेवलं आहे, पण वजूत इसराफ मकरूह आहे यावर आलिमांत मतभेद नाही. आता नळ सोडून वजू केला की पाच लिटर सहज जातात. समजा पाच वेळा मिळून दोनशे जणांनी वजू केला, तर दिवसाला हजार लिटर. पूर्वी हौदाचं पाणी मशिदीमागच्या केळींना आणि अळूला जायचं. केळी काढून तिथे फरशी झाली, पाइप गटाराला जोडला. वजूच्या पाण्यात साबण नाही, खरकटं नाही. याहून स्वच्छ सांडपाणी कुठल्याच घरातून निघत नसेल. ते माडांना द्यायला दहा फूट पाइप लागतो.

ज्यांची घरं अगदी पुळणीला लागून आहेत त्यांचं आवार समुद्रापर्यंत पोचतं, आणि तिथे आणखी एक 'सफाई' चालते. पुळणीवर मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. तिचं नावच बघा. समुद्राची मर्यादा सांभाळणारी म्हणून मर्यादवेल. तिची मुळं वाळू धरून ठेवतात. वाळूचा तो बांध टिकला तर त्याच्या मागे गोडं पाणी टिकतं. समुद्र नीट दिसावा, मुलांना क्रिकेट खेळता यावं, म्हणून ती खरवडून काढतात. मग वारा वाळू उचलून खळ्यात आणतो, आणि वाळू येते म्हणून भिंत बांधली जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागलं, तेव्हा आपल्या माड-पोफळींच्या वाड्या एका दुपारी झोपल्या. इतकं बघूनही पुळण मोकळी करायची हौस जात नाही, याला काय म्हणावं?

पुळणीवर दिवे लावण्याचंही तसंच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं आणि गावाने ते आपलं केलं. आता तिथे कासवं बघायला लोक येतात, घरोघरी जेवतात, राहतात, गावाला चार पैसे मिळतात. पिल्लू वाळूतून वर आलं की उजेडाकडे चालतं, कारण उघड्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यात उजळ भाग समुद्राचा असतो. तुमच्या कंपाउंडवरचा पांढरा झगझगीत दिवा समुद्राहून उजळ असेल, तर ते तुमच्या गेटकडे येतं आणि सकाळी कावळे त्याला खातात. नोव्हेंबर ते मे एवढे महिने समुद्राकडचा दिवा बंद ठेवण्यात कुणाची इज्जत कमी होते?

इथे थोडं बाहेरच्या मंडळींविषयीही बोलतो. मुसलमानाचा आणि पर्यावरणाचा संबंध वर्षातून एकदा, बकरी ईदला आठवणारे लोक आहेत. त्यांना पाण्याचं काही पडलेलं नसतं. त्यांना ईद टोचते. त्यांना उत्तर देण्यात मी वेळ घालवत नाही. पण त्यांच्या रागामुळे आमच्यातल्या कित्येकांनी पर्यावरण हा शब्दच शत्रूच्या खात्यात टाकला आहे. कबरस्तानातल्या फवारणीवर बोललो तेव्हा बैठकीत एकजण म्हणाला, "हे लोक आता आपल्या कबरीपण बंद करणार." हे लोक म्हणजे मी! अरे, माझी दादी तिथे आहे. अब्बा तिथे आहेत.

विरोधात बोलणाऱ्यांचे काही मुद्दे खरे आहेत आणि ते मी टाळणार नाही. पहिला सापाचा. रत्नागिरी जिल्ह्याच्या माणसाला फुरसं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. रात्री फातिहा पढायला जाणाऱ्याला भीती वाटणारच. पण फुरसं दगडांच्या फटीत, गडग्यात, वाळक्या ढिगाखाली बसतं. विष फवारून ते जात नाही. पायवाट रुंद ठेवा, वाटेच्या दोन्ही बाजू चार-चार फूट कोयतीने कापा, हातात बॅटरी आणि पायात बूट ठेवा. कबरींच्या मधलं गवत नोव्हेंबरपर्यंत राहू द्या. तोवर ते आपोआप वाळतं, बी सांडतं, मग कापायला फिक्हचीही अडचण नाही. कापलेलं जाळू नका, एका कोपऱ्यात खड्डा करून कुजवा.

या खड्ड्यावरही एका माडवाल्याने हरकत घेतली आणि ती योग्य होती. शेणखताच्या आणि कुजक्या पातेऱ्याच्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग माडाचा शेंडा खातो. म्हणून ढीग माडांपासून लांब हवा, तो मधूनमधून खालीवर करायला हवा, आणि अळ्या दिसल्या तर मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळायची. ती अळ्यांना मारते, माणसाला त्रास देत नाही. भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. माडाबद्दलची शंका दुकानदारापेक्षा तिथे विचारावी. दुकानदार बाटलीच विकणार.

दुसरा मुद्दा मजुरांचा. मिळत नाहीत, खरं आहे. पण जानेवारीत आमच्याच गावात क्रिकेटचे सामने होतात. मैदान आखायला, मंडप घालायला, जनरेटर ओढायला मुंबईची पोरंसुद्धा रजा काढून येतात आणि तीन दिवस रात्रंदिवस राबतात. बारा संघ उतरतात. त्यांपैकी चार संघांनी एकेक सकाळ दिली तरी कबरस्तान कापून होतं. हे मी बैठकीत बोललो तेव्हा तरुण हसले, चिडले नाहीत. चिडले ते पन्नाशीच्या वरचे, म्हणजे माझ्याच वयाचे.

ज्यांनी पेव्हर बसवलेत त्यांना ते उपटायला कुणी सांगत नाही. चारी कडांना दोन-दोन फुटांची पट्टी उघडी करा, तिथे अबोली, कडीपत्ता, शेवगा, मेंदी, जे तुमच्या अम्मीच्या खळ्यात होतं ते लावा, आणि उतार गटाराऐवजी त्या पट्टीकडे घ्या. छपराचं पाणी पन्हळीने आणून विहिरीपासून थोडं लांब, खडी-वाळूच्या खड्ड्यात जिरवा. थेट विहिरीत सोडू नका, छपरावरची कावळ्यांची घाण आत जाईल. नव्याने बांधणाऱ्यांनी मात्र जांभ्याचे चिरे फटी ठेवून बसवावेत. ते इथलेच आहेत आणि पावसात शेवाळतात हे खरं, पण शेवाळ खराट्याने निघतं.

माझी मागणी एवढीच, की जमातीने ठराव करावा: कबरस्तानात आणि मशिदीच्या आवारात तणनाशक फवारायचं नाही, गवत पेटवायचं नाही, आणि वजूचं पाणी माडांना जोडायचं. ठराव लिहून सेक्रेटरींकडे दिला आहे. मोहल्ल्याच्या विहिरीच्या पाण्याचा नमुनाही भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासायला दिला आहे. तो एप्रिलमधला. पावसानंतर दुसरा देणार. दोन्ही अहवाल मशिदीच्या फळ्यावर, नमाजच्या वेळापत्रकाशेजारी लावीन. क्षारांचा आकडा कुठला आणि किती असला तर चालतो, हे मराठीत बाजूला लिहिलेलं असेल. कुणी फाडला तर पुन्हा लावीन, झेरॉक्स पन्नास काढून ठेवल्या आहेत.